खणातला फोन

...काळा, उताणा, कात्री आणि खडूच्या मधोमध. फोनची काच उजळली की उजैरचे डोळे तिकडे जात, अर्धाच क्षण, आणि तेवढ्यात प्रीतमचं वाक्य मोडून पडे.

"मा-माझी आई स... स..."

टिंग.

पुन्हा पहिल्यापासून. आत वाक्य सबंध असतं, तोंडाशी आलं की अडखळतं. उद्या विहारात गेलेल्या आईचं पुण्यानुमोदन, तिच्याबद्दल चार शब्द बोलायचे. मोठ्या भावानं, शेखरनं, सांगून टाकलं होतं, "तू नोको बोलू, लोकं हासतीन." शेखर छानच बोलेल. पण माझं वाक्य संपेपर्यंत आई तव्याकडे वळायची नाही, भाकर करपू द्यायची, आणि मग ती करपलेली स्वतःच खायची... हे शेखरला कुठं माहीत? हे मलाच सांगायचं आहे. म्हणून अकोल्याहून बसनं बार्शीटाकळीला, शाळेपासूनच्या मित्राच्या, उजैरच्या, या शिलाईच्या दुकानात, सरावाला.

टिंग. लग्नसराई आहे, गिऱ्हाइकं फोटो पाठवतात, गळा असा हवा, बाही तशी. उजैरचा दोष नाही. ऑफिसातही हा आवाज झाला की माणसं "हं, बोल बोल" म्हणत मान खाली घालतात, आणि मीच त्यांना सोडवतो...

"क-काही नाही."

"काई नाई कसं? येवढ्या दूर बसनं 'काई नाई' सांगाले आला का बे?"

उजैरनं फोनचा आवाज बंद केला, तो मशीनच्या खणात, बॉबिनांमध्ये टाकला, खण ढकलला. मग सदऱ्याला बटण लावू लागला. माझ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही— मला असं मोकळं सोडायला त्याला कुणी शिकवलं?

खण थरथरला. बॉबिना खुळखुळल्या.

"कु-कुणाचा..."

"तुही भाभी असंन, अकीला. भाजी आन म्हनत असंन, नाई उचलला तं मंग भांडन. तू बोल. मले चार बटनं लावाचे हायेत, तुले काहून घाई?"

घाई... नव्हती.

"माझी आई स... सुंदराबाई. तिची भा... भा..."

खण पुन्हा खुळखुळला. सुई थांबली नाही. उद्या विहारात असे शंभर खिसे थरथरतील, माना खाली जातील. ती भीती होतीच, जागच्या जागी. पण आई गेल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यासाठी काहीतरी करपू देत होतं.

शब्द जिभेवर अडला होता. प्रीतमनं तो ढकलला नाही. अडू दिला.

दुसरं बटण.