पानाकाकांनी केलेली माझी दुरुस्ती

मी बोलतोय. इकडेतिकडे बघू नका, जरा खाली वाका. टेबलाखाली तो काळा डबा घरघरतोय ना, तोच मी. या घरचा संगणक.

माझा जन्म एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. पंखा एकाचा, डिस्क दुसऱ्याची, पत्र्याचं अंग तिसऱ्याचं. पहिली नोकरी दातांच्या डॉक्टरांकडे. तिथे मी लोकांच्या दाढांचे फोटो सांभाळायचो आणि पडद्यापलीकडच्या किंकाळ्या ऐकायचो. डॉक्टरांनी नवा संगणक आणला आणि मी अडगळीत निघालो. तेवढ्यात बेसिनचा नळ बसवायला आलेल्या माणसाने विचारलं, "चालतोय ना? मग द्या इकडे!" आणि मला काखोटीला मारलं.

हेच पानाकाका. धंदा नळदुरुस्तीचा, खिशात कायम पाना, म्हणून अख्खी गल्ली त्यांना पानाकाका म्हणते. त्यांची बायको म्हणजे काकू. काकू पूर्वी छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. छापखाना बंद पडला, काकू घरी बसल्या, पण डोळे काही घरी बसले नाहीत. औषधाच्या खोक्यावरसुद्धा चूक दिसली की त्या लाल पेनाने सुधारत. मग गोळी घेत.

एके दिवशी पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशन संस्थेचं त्यांना बोलावणं आलं. मुलाखत माझ्यामार्फतच, व्हिडिओवर, दुपारी. काकूंनी सकाळी मला उठवलं आणि मी लाज आणली. उठायलाच एवढा वेळ लावला की त्यांचा चहा निवला. बरं, उठलो तर तोंडातून आवाज नाही.

"तू जा, तयारी कर," काका म्हणाले. "तुंबलंय ते. मी मोकळं करून देतो."

काकू कपड्यांना इस्त्री करायला गेल्या. काकांनी एका बोटाने टाइप केलं, 'संगणक दुरुस्ती फुकट'. झालं! पहिला आला सफाईसम्राट. त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि हजारो दोष जाहीर केले. काका हबकले. म्हणून त्यांनी दुसरा बोलावला, वेगवीर. त्याने सांगितलं, हा सम्राट चोर आहे. मग तिसरा आला रखवालदार. त्याच्या मते दोघेही चोर. तिघे माझ्या छातीवर बसून भांडायला लागले. शिवाय येताना प्रत्येकाने गणगोत आणलं होतं. कुणी राशिभविष्य सांगतोय, कुणी चेंडूचा खेळ मांडून बसलाय. बोलवावा नवरा आणि यावं वऱ्हाड, तशातली गत.

पडद्यावर जे येईल त्याला काका 'हो' म्हणत होते. फुकट देणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?

शेवटी मी गच्च थिजलो. काकांनी पान्याने मला हळूच टकटक केलं. तेवढ्यात काकू आल्या.

"अहो, हे काय केलंत?"

"दुरुस्ती."

"मग आधी जे होतं त्याला काय म्हणायचं?"

काकू खुर्चीत बसल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "इतक्या वर्षांनी कुणीतरी मला कामाला बोलावलंय हो. आता त्यांना काय कळवू, पाइप फुटला म्हणून?"

काकांची मान खाली गेली. माझा तर पंखाच क्षणभर थांबला.

पण काकू मुद्रितं तपासणाऱ्या. चुकांचा ढीग पाहिला की त्यांचं रडू आटतं. त्यांनी माझं इंटरनेट तोडलं. फोनवर मदतीचं पान उघडलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचत एकेक गोष्ट केली. मला बंद करून सेफ मोडमध्ये उठवलं. त्यात मी फक्त गरजेपुरताच जागा असतो, आगंतुक झोपलेले राहतात. झोपेतच त्यांनी एकेकाला उचलून बाहेर काढलं. "खरंच काढणार? आम्हाला वाईट वाटेल," वेगवीर झोपेत बरळला. काकू म्हणाल्या, "वाटू दे." मी सुरू होताच आपोआप उघडणारी जुनी खोगीरभरती त्यांनी बंद केली. मग माझ्यात पहिल्यापासून असलेला व्हायरस तपासनीस कामाला लावला. तोही फुकटच, पण त्याला आजवर कुणी हाकच मारली नव्हती.

"मी काय करू?" काकांनी विचारलं.

"काही करू नका."

"ते मला जमत नाही गं."

काम आटोपल्यावर काकूंनी मला बंद केलं. काकांनी प्लग काढला, झाकण उघडलं आणि पंख्यावरून मांजराएवढी धूळ ओढून काढली. मऊ ब्रशने मला असं साफ केलं की गुदगुल्याच झाल्या. मग माझ्या पाठीमागच्या स्पीकरच्या वायरकडे डोकावून ते ओरडले, "अगं, हिरवी तोटी गुलाबी नळाला जोडलीय! आवाज येणार कुठून?"

"कुणी जोडली?"

"ते जाऊ दे."

दुपारी काकूंनी इंटरनेट पुन्हा जोडलं आणि मुलाखत सुरू झाली. संपादकबाई दिसत होत्या, ऐकू येत होत्या. वायर निसटू नये म्हणून काका टेबलाखाली ती धरून बसले होते. सगळं सुरळीत चाललेलं असताना सफाईसम्राटाचा एक लपून राहिलेला भाचा घंटा वाजवत पडद्यावर उगवला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

काकूंनी चष्मा सावरला. "माफ करा. इथे लिहिलंय, 'तुमचा संगनक धोख्यात आहे'. 'ण'च्या जागी 'न', 'क'च्या जागी 'ख', आणि शेवटी तीन उद्गारचिन्हं. एक पुरलं असतं."

संपादकबाई इतक्या हसल्या की त्यांचा चेहराच पडद्याबाहेर गेला. परत आल्यावर म्हणाल्या, "कधीपासून येताय कामाला?"

टेबलाखाली धाडकन आवाज झाला. आनंदाने उठू पाहणाऱ्या काकांचं डोकं होतं ते.

आता मी म्हातारा झालोय, पण रोज कामावर असतो. तुमच्या घरीही माझा कुणी भाऊबंद असेल. तो दमला तर वैद्यांची जत्रा भरवू नका. आधी त्याची धूळ पुसा आणि प्रत्येक 'हो' दाबण्यापूर्वी वरची ओळ वाचा. एवढी विनवणी ऐका.

परवा काकू शाळेचं एक पुस्तक तपासत होत्या. त्यात वाक्य आलं, 'संगणक कधीही चुकत नाही.' काकू थांबल्या. वाकून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. दुसऱ्याचा मजकूर बदलण्याचा त्यांना अधिकार नाही, म्हणून त्यांनी समासात फक्त एक लहानसं प्रश्नचिन्ह टाकलं.