खातेदार स्वतः

सगळे त्याला वकील म्हणत, पण कायद्याचं पुस्तक त्याने जन्मात उघडलं नव्हतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आईबाप दोघेही जन्मापासून बहिरे, हातांनी बोलणारे. त्यामुळे लहानपणापासून घरातला फोन हाच उचलायचा आणि आवाज जरा जाड करून "हो, मीच बोलतोय" म्हणायचा. गॅसवाला, बँक, दवाखाना, सगळ्यांशी बाबा म्हणून हाच बोलला. मामाने तेव्हा पाडलेलं नाव कायमचं चिकटलं.

आई शिवणकाम करायची. शेवटची काही वर्षं तिने तिच्यासारख्या बायकांसाठी व्हिडिओ केले: खिसा कसा लावायचा, बिघडलेली चेन उसवून नवी कशी बसवायची. टाचण्या तोंडात, हात मोकळे, आणि मधूनच मोबाइल धरून उभ्या असलेल्या नवऱ्याला झापणं: "धरा की नीट, झोपलात का?" ते झापणंही व्हिडिओत राहायचं, कारण नको ते कापायला दोघांनाही येत नव्हतं. मोबाइल भरला की बाबा व्हिडिओ इंटरनेटवरच्या आपल्या खात्यावर चढवायचे आणि मोबाइलमधून पुसून टाकायचे. एवढ्या मोठ्या कंपनीकडे ठेवलंय म्हणजे जाणार कुठे, असा त्या भाबड्या माणसाचा विश्वास.

मग आई गेली. फोटो पुष्कळ होते, पण फोटोत हात हलत नाहीत, आणि त्या घरात हात हलले नाहीत म्हणजे माणूस बोललंच नाही. बाबा रोज सकाळी चहा घेऊन तिचा एखादा व्हिडिओ लावून बसायचे. बायकोची बोलणी खाऊन खुशीत हसणारा नवरा वकिलाने दुसरा पाहिला नव्हता.

एका सकाळी चहा तसाच निवला. खातं बंद. "आपल्या खात्यावरील वर्तन अस्सल वाटत नाही," एवढंच लिहिलेलं.

आता अस्सल वर्तन म्हणजे काय, हे विचारायची सोय नव्हती. नियम वाचायला जावं तर तिथे म्हटलेलं, गैरवापर टळावा म्हणून नेमकं कारण सांगितलं जात नाही. बापलेक स्वतःच गुन्हा शोधत बसले. कात्री दिसते म्हणून? आवाज नाही म्हणून? एकच माणूस तेच तेच बघतो म्हणून? तिकडे लोकांना टोप्या घालणारे राजरोस दुकान मांडून बसलेले, आणि इथे खिसा शिवणारीवर संशय. चोर सोडून संन्याशाला फाशी. फरक इतकाच, की त्या संन्याशाला फाशी देणाऱ्याचं तोंड तरी दिसलं असेल.

वकिलाने दाद मागितली. खरं होतं तेच लिहिलं: खातेदार माझे वडील, त्यांना ऐकू येत नाही, बोलता येत नाही, आई वारली, तिचं बोलणं एवढंच उरलंय. उत्तर आलं, ओळख पटवायला फोन येईल.

"फोन? मला?" बाबांनी हातांनी विचारलं.

"मी घेतो ना," वकील म्हणाला. नंबर स्वतःचाच दिला, जन्मभर देत आला तसा.

फोन आला तेव्हा तो एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटरपाशी, कोपरापर्यंत ग्रीसमध्ये होता. पलीकडे यंत्राचा गोड आवाज. "आपण स्वतः खातेदार आहात का? हो किंवा नाही म्हणा."

वडिलांच्या वतीने बोलतोय, असं सांगायला जागाच नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्याने विचारही केला नाही. आवाज आपोआप जाड झाला.

"हो, मीच बोलतोय."

पाना खाली ठेवायच्या आत निकाल हजर. खातेदाराला बोलता येत नाही असे आपण कळवले होते. फोनवर खातेदार बोलला. सबब खाते दुसऱ्याच्या ताब्यात आहे. सर्व व्हिडिओ काढून टाकले आहेत. निर्णय अंतिम. इतके दिवस ठोंब्यासारख्या वागलेल्या त्या यंत्राला अक्कल सुचली ती नेमकी इथे. वकिलाने त्याला शिव्या घातल्या, कंपनीच्या सात पिढ्यांना घातल्या, आणि शेवटी स्वतःला.

संध्याकाळी बाबा दारातच उभे होते. त्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"तू काय म्हणालास?"

"मीच बोलतोय, म्हणालो."

"मी म्हणजे कोण?"

"तुम्ही."

बाबांनी त्याला आत घेऊन दार लावलं. मग ते म्हणाले, "माझ्या वतीने बोललास, चाललं. पण हे तिचं बोलणं होतं. तिला कधी तुझा आवाज लागला होता का?"

"बाबा, मला वाटलं..."

बाबांनी डोळे मिटून घेतले. आई रागावली की असंच करायची. मग समोरच्याने कितीही हात हलवले तरी सगळं वाऱ्यावर. वकिलाने "चुकलं माझं" असं हातांनी सांगितलं. पुन्हा सांगितलं. बाबा डोळे उघडेनात. मग, काही उपयोग नाही हे ठाऊक असूनही, तो ते तोंडाने म्हणाला, मोठ्याने, स्वतःच्या आवाजात.