ऋतिकाचा नमुना

"ताई, दिसलां मां?" खुर्चीवर बसायच्या आधीच राजारामने विचारलं.

"दिसलं," विनिता म्हणाली.

त्याचा चेहरा असा उजळला की तिला पुढचं बोलवेना.

मानखुर्दच्या त्या संशोधन संस्थेत विनिता एकोणीस वर्षं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चालवत होती. नमुने यायचे ते नुसते आकडे लावून. त्यामागची माणसं कधी आली नव्हती. राजाराम पहिलाच. भांडुपला राहणारा, लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याची नऊ वर्षांची ऋतिका आधी जिन्यात पडायला लागली, मग उभीच राहीना. इस्पितळाने तिच्या मांडीतून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला आणि गोठवून इथे पाठवला. चार महिने विनिता त्याचे अतिपातळ काप काढून बघत होती. परवा पडद्यावर पेशीच्या आतले धागे स्पष्ट दिसले. त्यांना धरून ठेवणारे सांधेच तुटलेले होते.

"झकास!" विभागप्रमुख अपूर्वा मॅडम ओरडल्या होत्या. "इतकं स्वच्छ चित्र कुणालाच मिळालं नसेल!" आणि आज त्याच म्हणाल्या, "विनिता, तू सांग ना त्यांना. मला नाही जमणार."

विनिताने चित्र पुढे सरकवलं. राजाराम ते हात न लावता बघत राहिला.

"हय तुटलां हा? मगे औषध कधी सुरू करतले?"

"औषध नाहीये, दादा."

"हय नाय. पण भायर, परदेशात?"

"कुठेच नाही. अजून कुणालाच जमलेलं नाही."

"पण तुमका दिसता मां! दिसता तां नीट करूक कित्याक येणा नाय?"

लिफ्टमध्ये नेमकं काय बिघडलंय ते कळलं की त्याचं निम्मं काम झालेलं असे.

"किती दिवस?"

"ते डॉक्टर सांगतील," ती म्हणाली. तिला ठाऊक होतं.

चित्रावरची नजर न काढता त्याने विचारलं, "तो तुकडो माका परत मिळात?"

"कशाला, दादा?"

"पुढे काय झालां तर... पोरीचां सगळां एकत्र आसूक व्हयां."

"सूक्ष्मदर्शकाच्या किरणांखाली काप जळून जातो, दादा. एकेक करत सगळे संपले."

राजारामने सावकाश मान हलवली.

"म्हणजे तेवढी ती आधीच गेली."

तो उठला, खुर्ची आवाज न करता टेबलाखाली सरकवली. "येतंय, ताई," म्हणाला, आणि बाहेर जाऊन, वाकून, चपला घालू लागला.