तात्यांची काळी पेटी

पालीच्या वळणावर त्या दिवशी अशी गर्दी उसळली, की कोल्हापूरची एसटीही म्हणे दर्शन घेतल्याशिवाय हलेना. दर्शन कुणाचं? पत्र्याच्या खेळण्यातल्या आगगाडीचं!

ही विजेवरची गाडी तात्यांची. बोटीवर नोकरी करणाऱ्या मामाने त्यांना लहानपणी आणून दिलेली. दर गणपतीत ती मखराभोवती फिरायची. तात्या गेले, वर्ष उलटलं, आणि आता त्यांच्या वळणावरच्या घराच्या पडवीत गाडी फिरू लागली की रुळाला बोट लावणाऱ्याच्या कोपरापर्यंत झिणझिण्या येत. तात्याच भेटतात, दुसरं काय!

"चपला बाहेर! आंघोळ करून ओलेत्याने या!" पाटावर मांडी ठोकून बसलेले चैतन्यबुवा गर्जत. "कोरड्याला तात्या ओळख देत नाहीत! काळ्या पेटीत कोंडलेला आत्मा मी सोडवलाय!"

कुणी शहाणा रबरी बूट घालून आला आणि त्याला काहीच जाणवलं नाही, की बुवा डोळे मिटून म्हणत, "नास्तिक!"

तात्यांची सून वैदेही खांबाला टेकून उभी होती. शाळेत नववीला विज्ञान शिकवणारी ही बाई घरात गप्प बसायची. पण काल काशीआत्या रूळ धरून कोसळल्या, त्या अजून दवाखान्यात होत्या. लोक म्हणाले, तात्यांनी मिठी मारली! आणि आज वैदेहीच्या लेकीची, सानवीची पाळी. पोर चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. ओल्या अंगाने रूळ धरला की वाचा फुटेल, असं बुवांनी सांगितलं होतं.

तिच्या सासूबाई वासंतीबाई ओल्या फ्रॉकातल्या नातीला कडेवर घेऊन आल्या. त्यांचेही पाय ओले, खाली जांभ्याची ओली फरशी. वैदेही खांब सोडून पुढे झाली.

"आई, थांबा."

"आता काय गो? पोरीने बोलू नये वाटतं तुला?"

वैदेहीने पायांत रबरी चपला सरकवल्या. पडवीत एकच गलका झाला. तिने टेस्टर रुळाला टेकवला. टेस्टरातला दिवा लागला.

"बघा. घरातली वीज थेट रुळात आलीय. बुवांनी पेटीऐवजी मध्ये लावलेला बल्ब गाडीचं यंत्र जळू देत नाही, एवढंच. माणसाला तो वाचवत नाही. ओला माणूस ओल्या फरशीवर उभा राहिला की वीज त्याच्या अंगातून जमिनीत जाते. तेच तुमचे तात्या!"

"बाय, जीभ झडेल तुझी!" बुवा कडाडले.

"मग तुम्ही उतरा पाटावरून. पायांवर तांब्याभर पाणी घ्या आणि धरा रूळ."

बुवांनी पाय अजूनच आत घेतले. "आज माझं मौन आहे."

"आत्तापर्यंत तर ओरडत होतात!" गर्दीतून कुणीतरी फिसकन हसलं.

वैदेहीने प्लग उपटला. गाडी थांबली. टेस्टर पुन्हा टेकवला, तो विझलेलाच राहिला. मग तिने चपला काढल्या आणि हात ओले करून रूळ घट्ट धरला. काहीच झालं नाही.

"तात्या प्लग काढला की जातात होय?" तिने विचारलं.

वासंतीबाईंनी वाकून रुळाला बोट लावलं. "ते कधी कुणाचं ऐकणाऱ्यातले नव्हते," त्या पुटपुटल्या. "आणि त्या पेटीशिवाय गाडीला कुणाला हात लावू देत नसत."

सानवीला सुनेकडे देऊन त्या आत गेल्या आणि भाताच्या कणगीमागून काळी पेटी घेऊन आल्या. बुवांनी विहिरीत टाकायला सांगितलेली ती पेटी त्यांनी नवऱ्याची वस्तू म्हणून लपवून ठेवली होती.

"हा ट्रान्सफॉर्मर," वैदेही म्हणाली. "आत्मा कोंडायला नव्हे, घरातली वीज गाडीपुरती कमी करायला. पण ह्याच्या वायरवरचं कापड बघा, भुगा झालाय. हाही आता लावायचा नाही. नवा, फ्यूजचा आणायचा, आणि घराच्या बोर्डात झटका बसताच वीज तोडणारा स्विच. तोवर गाडी कपाटात."

बुवा कधी सटकले ते कुणी पाहिलं नाही. पाट तेवढा राहिला.

सानवी अजून बोलत नाही. तिला आता कानाच्या डॉक्टरांकडे नेतात. काशीआत्यांचा हात अजून थरथरतो आणि भेटायला येणारे त्याला अजून प्रसादच म्हणतात. लोकहो, मेलेल्या माणसाने भेटायचं ठरवलंच, तर त्याला ओली फरशी कशाला लागेल? विचारा की! आणि विचारेपर्यंत पोरांचे हात धरून ठेवा.