हातभर सरळ तारा

बत्तीस वर्षं कारखान्याच्या तपासणी विभागात काढल्यावर दिवाकररावांचा कुणावरच विश्वास उरला नव्हता. भानुमतीवर तर नव्हताच. ओमतीच्या बाजारात तिचं नेटवर्कच्या सामानाचं दुकान. दिवाकररावांची सून हर्षा पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करायची, म्हणून भानुमतीने तिच्या खोलीपर्यंत इंटरनेटची नवी कॅट सिक्स केबल टाकून दिली होती. आणि दोनच दिवसांत हर्षाचा आवाज मीटिंगमध्ये तुटायला लागला. सोमवारी दहापर्यंत लाइन सुधारा, नाहीतर दुसरं माणूस बघतो, असं साहेबाने तिला बजावलं.

"सिक्स सांगून फाइव्ह टाकली असेल," दिवाकरराव म्हणाले. "नाहीतर अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा!"

सोमवारी नऊ वाजता भानुमती आली. दिवाकररावांनी तिला चहासुद्धा विचारला नाही. तिने उरलेल्या केबलची तार काढून ब्लेडने खरवडली. आतपर्यंत लाल.

"काका, शुद्ध तांबं आहे. काहून शक करून राहिले?"

"मग वरून धातूच्या जाळीचं आवरण असलेली काहून नाही टाकली?"

"ती मोठ्या मोटरींजवळ लागते जी. घरात आतल्या तारांच्या जोड्यांचा पीळच बाजूच्या विजेची गडबड थोपवतो. फाइव्हपेक्षा सिक्सचा पीळ जास्त घट्ट, पैसे त्याचेच."

"बोलायला हुशार आहेस," ते म्हणाले.

भानुमतीने भिंतीतला डबा उघडला आणि कपाळाला हात लावला. इन्व्हर्टरच्या तारेला लागून हातभर केबल सोललेली. चारही जोड्यांचा पीळ उलगडून आठ तारा केस विंचरल्यासारख्या सरळ केलेल्या, वर पांढऱ्या दोऱ्याची गाठ.

"ये किसने किया? मी तर पीळ टोकापर्यंत ठेवला होता."

तुझ्याच माणसाने केलं असेल, हे वाक्य दिवाकररावांच्या ओठांवर आलं होतं. पण हर्षा त्या गाठीकडे बघत होती. घरात औषधांच्या पाकिटांपासून विजेच्या बिलांपर्यंत, दिवाकररावांनी तपासलेल्या प्रत्येक वस्तूला तीच गाठ असायची. भानुमती गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी माल तपासायला जोडणी उपसली होती, तारा मोजल्या होत्या आणि नीटनेटक्या करून रंग बघून परत खोचल्या होत्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी केलं," ते कसेबसे म्हणाले.

भानुमतीने तेवढा तुकडा कापला आणि पीळ राखून नवी जोडणी केली. दहाला मीटिंगसाठी हर्षाने दार लावून घेतलं. दिवाकरराव बाहेर उभे राहिले.

"नाही सर, दुकानवालीचा दोष नव्हता," हर्षा आत सांगत होती. "आमच्या घरातच एकाला कुणाचं काम पटत नाही. माझंसुद्धा."

आवाज कुठेही तुटला नाही.