एकाच डब्यातल्या दोघी

मी फ्लॉपी बोलतेय. तळहाताएवढी, चौकोनी, काळी. माझ्या पोटात एक पातळ गोल चकती आहे. कॉम्प्युटरवर लिहिलेलं माझ्यात उतरवून घेता येतं आणि दुसरीकडे नेता येतं. मला हात नाहीत, पाय नाहीत, पण हेवा करता येतो. तो मी इतका केला आहे की आज सांगून टाकते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते बारामतीतल्या एका दुकानाचं काचेचं कपाट. १९९७ च्या जूनमध्ये इंदापूरच्या शाळेतले मारकड सर तिथे आले आणि त्यांनी दहा फ्लॉप्यांचा डबा मागितला. डब्यात एक कमी होती. दुकानदाराने दुसरीकडून एक काढून त्यात घातली. आम्ही नऊ काळ्या आणि ती एकटी निळी. वाटेत एसटीत सरांनी डबा उघडून पाहिला आणि म्हणाले, "वा! ही बरी दिसती." आम्हा नऊ जणींकडे त्यांनी पाहिलंही नाही. माझ्या हेव्याची सुरुवात तिथे झाली.

शाळेत दोन कॉम्प्युटर होते. एक नवा, त्याच्यावर भरतकाम केलेलं आच्छादन. दुसरा जुना, कुठल्या तरी कचेरीतून काढून टाकलेला. त्याला सगळे म्हातारा म्हणत.

निळी गेली उत्कर्षाकडे. उत्कर्षा नववीतली मुलगी, रोज शेळगावहून एसटीने यायची. वर्गात तिचा आवाज फारसा ऐकू यायचा नाही, पण तिची नजर बारीक होती. तिने एक काम हाती घेतलं होतं. गावातल्या चौदा विहिरींमध्ये ती दर रविवारी दोर सोडायची, पाणी किती फुटांवर आहे ते मोजायची आणि सोमवारी शाळेत येऊन आकडे निळीत भरायची. झालं की निळीला स्वच्छ रुमालात गुंडाळून कंपासपेटीत ठेवायची. मी कपाटातून ते पाहायची आणि माझ्या पोटातली चकती तापायची.

एक दिवस माझीही पाळी आली. सर मला घेऊन बारामतीला गेले. एका ठिकाणी त्यांना टायपिंगचा एक प्रोग्रॅम कॉपी करून मिळणार होता. तो मिळाला, आणि त्याच्यासोबत न मागितलेलं आणखी काहीतरी माझ्या अंगात शिरलं. शाळेत आल्यावर सरांनी मला आधी तपासलं म्हणून वाचलं सगळं. पडद्यावर लाल अक्षरं आली. माझ्यात व्हायरस होता.

मला वाटलं, आता हे मला पुसतील. पुसलं असतं तर मी पुन्हा इतरांसारखी झाले असते. पण सर हसले. "हिला पुसायची न्हाय. हिच्यावरच पोरांना शिकवायचं."

त्यांनी माझ्यावर कागद चिकटवला, लाल शाईने लिहिलं, 'रोगी. वापरू नये.' आणि मला एका साबणाच्या रिकाम्या डबीत ठेवलं. माझ्या आठ काळ्या बहिणी पारदर्शक पेटीत एकमेकींना टेकून उभ्या राहायच्या. मी डबीत एकटी.

दर गुरुवारी प्रात्यक्षिक असायचं. सर मला म्हाताऱ्यात घालायचे. म्हाताऱ्यात गमावण्यासारखं काहीच नव्हतं. मुलं भोवती गोळा व्हायची. थोड्या वेळाने पडद्यावरची अक्षरं एकेक करून सुटायची आणि तळाशी त्यांचा ढीग व्हायचा.

"सर, ज्वारी झोडल्यावानी पडत्यात की!" मनिषा ओरडायची. मनिषा उत्कर्षाच्या बाकावरची, बोलायला पुढे.

मग सर शिकवायचे. फ्लॉपी आत ठेवून मशीन चालू करायचं नाही, नाहीतर तिच्यातला रोग मशीनमध्ये शिरतो. आणि फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक खिटी असते. ती सरकवून तिथली छोटी खिडकी उघडी केली की त्या फ्लॉपीत कुणालाच काही लिहिता येत नाही, व्हायरसलाही नाही.

"म्हंजी उघडी आसली की बंद, सर?"

"व्हय मनिषा. दार उघडं दिसलं की चोराला आत जाता येत न्हाय, अशी ही एकच जागा हाय जगात."

मग ते फ्लॉप्या मुलांमध्ये वाटायचे आणि एकमेकांच्या तपासायला लावायचे. मोठी गंमत व्हायची तिथे. उत्कर्षाने मनिषाची फ्लॉपी तपासायला घेतली की मनिषा फणकारायची, "माझ्यावर इश्वास न्हाय व्हय तुजा? एका ताटात जेवतो की आपण!" मुलांना अनोळखी फ्लॉपी तपासायला काही वाटायचं नाही. ओळखीच्याची तपासायची म्हटली की सगळी लाजायची. सर म्हणायचे, "रोग ओळखीतनंच येतो. अनोळखी मानसाला घरात कोन घेतंय?" मुलं मान डोलवायची आणि पुढच्या वेळी पुन्हा लाजायची.

ऑगस्टमध्ये उत्कर्षाचे वडील शाळेत आले. तिचे तात्या. टोपी हातात घेऊन उभेच राहिले. "सर, ह्या कॉम्प्युटरच्या क्लासपायी तिची साडेचारची गाडी चुकती. घरी यायला दिवे लागत्यात. लोक इचारत्यात मला."

सर म्हणाले, "दसऱ्यानंतर बारामतीला प्रदर्शन हाय, तात्या. तिचं काम तितं मांडायचंय."

"मग तवर बगतो. तितं काय केलं ते डोळ्यानं बगीन. काय दिसलं न्हाय तर क्लास बंद."

उत्कर्षा दाराआड उभी होती. त्या दिवशी तिने निळीला रुमालात गुंडाळलं आणि दोनदा गाठ मारली. आणि मी? मला तिची दया यायला हवी होती. माझ्या मनात आलं ते एवढंच, की बारामतीला जाणार ती निळी.

खंडेनवमी आली. शेतावर औतांची पूजा, घरात कोयत्याची पूजा, तर शाळेत कॉम्प्युटरची. शिपाईकाम करणाऱ्या शकुबाईंनी आदल्या दिवशी सगळं आवरायला काढलं. ओल्या फडक्याने नवा पुसला, म्हातारा पुसला, मग कपाटातून आम्हाला बाहेर काढलं. माझी साबणाची डबी उघडून त्या म्हणाल्या, "आगं बया, हिला का वाळीत टाकलीय?" शकुबाईंना वाचता येत नव्हतं. माझ्यावरचा कागद त्यांना मळका वाटला. त्यांनी तो भिजवून नखाने खरवडून काढला आणि मला बहिणींच्या ओळीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या एका ताटात होतो. हळद, कुंकू, वर झेंडूची पाकळी. इतरांना जेवढं, तेवढंच मला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा दिवस होता. सर त्या दिवशी पुण्याला मीटिंगला गेले होते.

प्रदर्शनाला चार दिवस उरले होते. सरांनी उत्कर्षाला सांगून ठेवलं होतं, "निळीवर भिस्त ठेवू नको. आणखी एकीवर कॉपी करून घे." पूजा झाल्यावर ती शकुबाईंना म्हणाली, "मावशी, एक रिकामी फ्लॉपी घेऊ का?"

शकुबाईंनी ताटातून मलाच उचललं. पेढ्याबरोबर तिच्या हातावर ठेवलं. "ही घे. चांगली पुसून पुजलीया."

उत्कर्षा मला घेऊन नव्या कॉम्प्युटरपाशी आली. तपासायचा प्रोग्रॅम असलेली फ्लॉपी समोरच होती. तिने तिच्याकडे पाहिलं, मग शकुबाईंकडे. त्या कौतुकाने पाहत होत्या. मोठ्या बाईने प्रसादाबरोबर दिलेली, कुंकू लावलेली वस्तू तिच्या देखत तपासायची कशी? उत्कर्षाने तपासली नाही.

तिला अजून एक संधी होती. माझी खिडकी उघडी होती. सरांनीच तशी ठेवली होती. कॉम्प्युटरने लिहायला नकार दिला तेव्हा ती क्षणभर थांबली. मग तिने नखाने खिटी सरकवली.

मला बोलता येत नाही हे खरं आहे. पण खरं सांगायचं तर, बोलता आलं असतं तरी मी गप्प राहिले असते. चौदा विहिरी एकामागोमाग एक माझ्यात उतरल्या. मला वाटलं, आता निळीत जे आहे ते सगळं माझ्यातही आहे.

तेवढ्यात लाइट गेली. दहा मिनिटांनी आली आणि कॉम्प्युटर आपोआप सुरू झाला. मी आतच होते.

पुढचं सगळं लवकर झालं. माझा रोग नव्या कॉम्प्युटरमध्ये गेला. उत्कर्षाने मला काढलं आणि सगळं नीट आहे ना हे पाहायला निळीला आत घातलं. निळीची खिडकी बंद होती, कारण तिच्यात दर सोमवारी लिहायचं असायचं. पडद्यावर विहिरींची नावं आली, आणि मग पाटलाची विहीर सुटली, मग थोरली विहीर, मग आकडे. उत्कर्षाने दोन्ही हातांनी पडदा धरला, जणू काही पडणारं झेलता येईल. शकुबाई धावत आल्या. "काय झालं गं पोरी? माझ्या हातनं काय झालं का?"

"न्हाय मावशी," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

निळीतले आकडे परत उघडलेच नाहीत.

सर दुसऱ्या दिवशी सण म्हणून घरी न थांबता शाळेत आले. उत्कर्षाने सगळं सांगितलं, शकुबाईंचं नाव न घेता. सरांनी मला म्हाताऱ्यात घातलं, मग एक वेगळी, जपून ठेवलेली फ्लॉपी लावून माझ्यावर औषधाचा प्रोग्रॅम चालवला. माझा रोग गेला. आत चौदाच्या चौदा विहिरी शाबूत होत्या. नवा कॉम्प्युटरही असाच बरा केला.

आणि शिकवायला एक रोगी लागायचीच, म्हणून निळीवर सरांनी नवा कागद चिकटवला. लाल शाईने. ती साबणाच्या डबीत गेली.

मला आनंद व्हायला हवा होता. बारामतीला रुमालातून मी गेले. पण तिथे टेबलावर नव्या कॉम्प्युटरपाशी मांडल्यावर काय झालं? उत्कर्षाने निळीलाही शेजारी मांडलं होतं, म्हाताऱ्यासकट. अक्षरं पडू लागली की माणसांची ही झुंबड. माझ्याकडे, माझ्या विहिरींकडे कुणी बघेना. मी बरी झाले आणि कुणाच्या कामाची राहिले नाही, असं मला वाटलं.

सुरुवातीला मनिषाच बोलत होती. मग गर्दीतून तात्या पुढे आले. धुतलेली टोपी, हातात पिशवी. त्यांना पाहून उत्कर्षाने मला उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"तात्या, ही त्या नव्याच्या खाचंत घाला."

तात्यांनी मला घेतलं आणि वाकून घालायला लागले.

"चांगली हाय का तपासली न्हाय तुमी," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू आला.

"तू दिली म्हंजी चांगलीच आसंल की."

"मी पन असंच म्हनले, तात्या. आपल्या मानसानं दिली म्हून तपासली न्हाय. चार म्हयन्याचं काम जाता जाता वाचलं." मग तिने सगळं सांगितलं. एकदाही न अडखळता.

तात्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि तिला परत दिलं. "मग तपास की. माझ्या देखत."

तिने मला तपासलं. पडद्यावर काही लाल आलं नाही. मग विहिरी आल्या. तात्या पडद्याजवळ गेले, बोट टेकवलं. "ही आपली. आगस्टात अठरा फूट." त्यांनी पुढच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. "खरं हाय. पाणी तवाच खाली गेलंवतं. म्या कुनाला बोललो न्हवतो."

बक्षीस दुसऱ्या शाळेला गेलं. निघताना तात्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि सरांना विचारलं, "सर, साडेचारनंतर शेळगावला दुसरी गाडी किती वाजता हाय?"

आता मी पारदर्शक पेटीत असते. उत्कर्षा सोमवारी पेटी उघडते आणि माझ्यात विहिरी भरते. गुरुवारी मुलांची गर्दी निळीभोवती होते, आणि ते हसणं ऐकून मला अजून हेवा वाटतो. तो काही औषधाने जात नाही. पण निळीला कुणी तपासत नाही. ती रोगी आहे हे सगळ्यांना ठाऊकच आहे. मला मात्र उत्कर्षा दर वेळी तपासते, मग मला शकुबाईंनी दिलेलं असो की सरांनी.

तुमच्या हाती मी आले तर तुम्हीही तपासा. कोणी दिली ते पाहू नका, मला राग येईल म्हणून लाजू नका. निळीला जे मिळत नाही असं एवढंच माझ्याकडे आहे. तेवढं मला मिळू द्या.