आरशासमोर बांधलेला हार्नेस

मी हार्नेस बोलतोय. गुहेतल्या पाण्यात उतरणाऱ्यांच्या अंगावर असतो तो. खांद्यांवरून, कमरेभोवती आणि मांड्यांमधून जाणारे पट्टे, त्यांवर धातूच्या कड्या, एवढाच माझा जीव. माझ्या बहुतेक भावंडांवर सिलिंडर पाठीला बांधतात. माझ्यावर ते कुशीला, बगलेखाली राहतं. कारण पाठीवर ओझं घेऊन खडकाच्या फटीतून सरपटता येत नाही. हे कळायला फार अक्कल लागत नाही. तरी तेवढीही नसलेली माणसं मी भरपूर पाहिली.

कारखान्यात माझे पट्टे मुद्दाम लांब ठेवले होते, घेणाऱ्यानं आपल्या अंगाबरोबर कापून घ्यावेत म्हणून. दुकानात आलो आणि माझ्यावर पाटी लागली, ‘सगळ्यांना बसतो’. खोटं साफ! पोतंही सगळ्यांना बसतं.

दुकान मामांचं. मामांनी उभा जन्म पाठीवर सिलिंडर घेऊन बुड्या मारल्या. कुशीला कधी बांधलं नाही. पण सल्ला द्यायला अनुभव लागतो, असा गैरसमज त्यांना नव्हता.

त्यांच्या भाचीनं गुहेत जायचं ठरवलं, तेही रिब्रीदर घेऊन. एका कुशीला बांधलेलं हे यंत्र माणसानं सोडलेला श्वास गाळतं, त्यात ऑक्सिजन घालतं आणि पुन्हा त्यालाच देतं. चालतं तोवर उत्तम. बिघडलं, तर दुसऱ्या कुशीचं साधं सिलिंडर उघडून त्याची नळी तोंडात धरायची. डोक्यावर खडक असतो, वर पळता येत नाही. म्हणजे पोरीचा जीव एकाच गोष्टीवर होता: अंधारात हात नेला की सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताला लागला पाहिजे.

आणि मामांनी मला तिच्या अंगावर बांधलं कुठे? दुकानातल्या आरशासमोर! ती पातळ टी-शर्टमध्ये, ताठ उभी, सिलिंडर रिकामं. मामा दोन पावलं मागे सरकले, मान तिरपी केली, शिंप्यासारखे हसले.

“झकास! आता हात नाही लावायचा.”

“मामा, पाण्यात मी आडवी असते. आणि अंगात जाड सूट असतो.”

“तू मला शिकव आता.”

मामी गल्ल्यावरून म्हणाल्या, “ऐक गं त्यांचं. मोठे आहेत ते.”

मोठे आहेत! कपाटही मोठं असतं. कुणी त्याला विचारत नाही, गुहेत काय घालू म्हणून.

सरावाच्या तलावात व्हायचं तेच झालं. ती आडवी झाली आणि सिलिंडरची मान बगलेतून निसटून पोटाखाली लोंबू लागली. मान बगलेशी धरणारी रबरी दोरी सैल होती, कमरेची कडी भलतीकडे. तिनं डोळे मिटून हात नेला. बगलेत काही नाही. पुन्हा नेला. नाही. ती वर आली.

“मामा, व्हॉल्व्ह सापडत नाही.”

“सापडेल. सवय कर.”

“सवय कुणाला लावू, हाताला की फुप्फुसांना?”

“आमच्या वेळी असली नाटकं नव्हती.”

“तुमच्या वेळी हे यंत्रही नव्हतं. तुम्हीच घाला ना. डोळे मिटा आणि उघडून दाखवा.”

काठावर शिकाऊ मंडळी बसलेली, त्यामुळे मामांना नाही म्हणता येईना. पोटासाठी मला आणखी सैल करून ते पाण्यात आडवे झाले. मग जे सुरू झालं, त्याला मी पोहणं म्हणणार नाही. हात बगलेत गेला, छातीवर गेला, आपलंच पोट चाचपून आला. शेवटी गुडघाभर पाण्यात ठसकत उभे राहिले आणि म्हणाले, “आज खांदा धरलाय.”

कुणी हसलं नाही. मी मात्र प्रत्येक कडीनं हसलो.

भाचीनं कात्री मागवली. “अगं, नवा आहे तो!” मामा ओरडले. तिनं ऐकलं नाही. जाड सूट चढवून, दोन्ही कुशींना भार घेऊन ती पाण्यात आडवी तरंगली. मैत्रिणीनं खडूनं खुणा केल्या. दोरी आखडली, कडी मागे सरकवली, फालतू कड्या काढून टाकल्या. सापडला, सापडला, पुन्हा सापडला, असं होईपर्यंत दोघी पाण्याबाहेर आल्या नाहीत. मला कापताना दुखलं. पण आरशासमोर मिरवण्यापेक्षा ते दुखणं बरं.

पुढे गुहेत, आत बरंच गेल्यावर, यंत्रात पाणी शिरलं. तिनं यंत्राची नळी तोंडातून काढली. हात बगलेकडे गेला आणि थेट व्हॉल्व्हवर पडला. एक श्वास. दुसरा. मग ती वळली आणि आत येताना अंथरलेल्या दोरीच्या खुणेनं, सावकाश, बाहेर आली.

आता मी दुकानामागे वाळत असतो. खारट, विटलेला, आखूड. आत मामा नव्या गिऱ्हाइकांना सांगतात, “हार्नेस मी निवडून दिला होता, म्हणून वाचली पोर.” भाची ऐकते आणि तयारीची पिशवी भरते.

ती गप्प बसते. मी का बसू? मामा, काका, सर, जे कोणी असाल ते, तुमचा अनुभव काठावर ठेवा. पाण्याखाली कुणाचं वय ऐकू येत नाही. तिथे हात पोहोचतो, नाहीतर पोहोचत नाही.